तीन तारा आणि एक थांबलेले यंत्र

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्यातल्या साखर कारखान्यांच्या गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रक, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, अजूनही कुठे कुठे बैलगाड्या. ही सगळी रांग एका जागी येऊन थबकते, ती म्हणजे वजनकाटा. गाडी काट्यावर चढते, खालचे लोडसेल भार मोजतात, केबिनमधल्या इंडिकेटरवरचे लाल आकडे थोडे नाचून स्थिर होतात आणि तोच आकडा शेजारच्या संगणकावर उमटतो. पावती निघते. शेतकऱ्याची नजर आकड्यावर असते आणि ती तिथेच असायला हवी. काटामारीवरून या भागात वर्षानुवर्षे ओरड होत आली आहे. पण एकदा इंडिकेटरच्या पाठीमागेही बघा. तिथून संगणकाकडे गेलेली एक जाडसर केबल दिसेल, तिच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर आणि दोन्ही बाजूंना बोटांनी आवळायचे स्क्रू. गावातल्या दूध संकलन केंद्रातही अशीच केबल सापडते. फॅट मशीन आणि काटा यांचे आकडे तिच्यावाटेच संगणकात जातात.

ही सिरियल केबल. तिचा आरएस-२३२ हा दंडक १९६० साली अमेरिकेत ठरला. लॅपटॉपवरून तिचे पोर्ट केव्हाच गेले, दुकानदार ती मागितली की आधी आपल्याकडे आणि मग वरच्या फळीकडे बघतो. तरी ती मेलेली नाही. वजनाचा आकडा पोहोचवणे हे तिचे साधे काम झाले. तिचे दुसरे काम फार थोड्यांना माहीत आहे. संगणकाच्या मूळ गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काही बिघडले आणि सगळे यंत्र जागच्या जागी थिजले, तर आत नेमके काय झाले हे बाहेरून विचारायचा मार्ग हीच केबल देते. या लेखाचा विषय तो आहे.

एक प्रसंग कल्पू. सातारच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लिनक्सवर चालणारा छोटा औद्योगिक संगणक आहे. यंत्रांची मोजमापे गोळा करून साठवणे हे त्याचे काम. त्यात बसवलेल्या खास कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला तो सांगलीतल्या एका तरुण अभियंत्याने. संगणक चार-सहा दिवस सुरळीत चालतो आणि मग एखाद्या रात्री थांबतो. पडद्यावर शेवटचे चित्र तसेच. माऊस हलत नाही, कीबोर्डचा दिवा लागत नाही, नेटवर्कवरून हाक मारली तर उत्तर नाही. सकाळी कोणीतरी बटण दाबून तो बंद-चालू करतो आणि बिघाडाचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. लॉग उघडून बघावा तर त्यात काही नाही, कारण लॉग डिस्कवर लिहिण्याचे काम कर्नलचे आणि थांबला आहे तो कर्नलच.

साध्या प्रोग्रॅममध्ये दोष असेल तर त्याच संगणकावर डिबगर चालवून तो शोधता येतो. डिबगर हाही एक प्रोग्रॅमच. तो दुसऱ्याला थांबवतो, त्याची स्मृती वाचतो, एकेक पाऊल पुढे चालवतो. कर्नलच्या बाबतीत हे जमत नाही. कर्नल थांबवला की डिबगरला वेळ वाटून देणारा कोणी उरत नाही. डिस्क वाचणारा नाही, कळ दाबलेली ओळखणारा नाही, पडदा रंगवणारा नाही. म्हणून दुसरा संगणक लागतो. तपासला जाणारा एक, त्याला टार्गेट म्हणतात. तपासणारा दुसरा, तो होस्ट. अवजड डिबगर, सोर्स कोड, नावांचे सगळे कोष्टक होस्टवर राहते. टार्गेटच्या कर्नलमध्ये राहतो तो फक्त एक लहानसा तुकडा. 'अमुक पत्त्यावरची स्मृती सांग', 'अमुक जागी थांब', 'आता पुढे चाल' एवढे मोजके हुकूम त्याला कळतात.

या दोघांमध्ये वेगवान नेटवर्क केबल का नाही, सिरियलच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. नेटवर्कवरून एक पाकीट पाठवायचे तर बफर, इंटरप्ट, प्रोटोकॉलचे थर अशी मोठी फौज शाबूत असावी लागते. सिरियल पोर्टला यांतले काहीच लागत नाही. त्याची यूएआरटी नावाची चिप रिकामी आहे का ते बघायचे, ठरलेल्या रजिस्टरात एक बाइट टाकायचा, की तो एकेक बिट करून तारेवर निघतो. बाइट आला आहे का, हेही इंटरप्टची वाट न बघता पुन्हा पुन्हा विचारून कळते. बाकी सारा कर्नल निपचित पडला असला तरी एवढे मूठभर कोड चालू शकते. सिरियल केबलचा अडाणीपणाच इथे कामी येतो.

लिनक्समधल्या या सोयीचे नाव केजीडीबी. तिच्या इतिहासात एक धागा थेट महाराष्ट्रात येतो आणि तो इथे फारसा कोणाला ठाऊक नाही. लिनक्सचा सोर्स कोड उघडा, 'कर्नल' फोल्डरात 'डिबग' फोल्डर आहे, त्यात 'डिबग_कोअर.सी' ही फाइल. तिच्या माथ्यावर कॉपीराइटच्या ओळींची उतरंड आहे, देवळाच्या भिंतीत बसवलेल्या देणगीदारांच्या फरशीसारखी. २०००-२००१, व्हेरिटास सॉफ्टवेअर. मग टाइमसिस. मग २००३-२००४, अमित एस. काळे. पुढे पावेल माखेक, टॉम रिनी. २००४-२००६, लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड. नंतर विंड रिव्हर, माँटाव्हिस्टा, रेड हॅट. मूळ तुकडा लिहिणारे म्हणून डेव्हिड ग्रोथ आणि तिग्रान ऐवाझ्यान यांची नावे खाली आहेत, आणि त्याही आधीच्या पिढीतले ग्लेन एंगेल यांचे.

लिनसिससॉफ्ट ही पुण्याची कंपनी. अमित काळे यांनी केजीडीबी सांभाळला तो काळ या सोयीसाठी सोपा नव्हता. ती अधिकृत लिनक्समध्ये नव्हतीच. ठिगळ म्हणून, म्हणजे पॅच म्हणून, ती वेगळी मिळायची. कर्नलची नवी आवृत्ती आली की आजूबाजूचा कोड बदललेला असायचा, ठिगळ पुन्हा बेतून शिवावे लागायचे. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण वर्षभर कोणी केले नाही तर सोय मरते. अधिकृत प्रवेश मिळत नव्हता याचे एक कारण खुद्द लिनस टॉरवाल्ड्स. कर्नलसाठी डिबगर आपल्याला आवडत नाहीत, हे त्यांनी २००० सालच्या सप्टेंबरात जाहीरपणे आणि त्यांच्या नेहमीच्या फटकळ शैलीत सांगून टाकले होते. त्यांचा मुद्दा असा की डिबगर हाताशी असला की माणूस लक्षणावर मलम लावून मोकळा होतो. कोड वाचून, विचार करून मूळ दोषाकडे जाणारी माणसे त्यांना हवी होती.

मला हा मुद्दा अर्धाच पटतो. ज्याने सगळी रचना स्वतः उभी केली त्याला नुसत्या वाचनाने दोष दिसेलही. पण कुपवाडच्या शेडमध्ये बसून दुसऱ्याच्या कार्डासाठी, अर्धवट माहितीपत्रकावरून ड्रायव्हर लिहिणाऱ्याला 'विचार कर' एवढे सांगणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणेच. अँड्र्यू मॉर्टन यांच्यासारख्या कर्नलमधल्याच जबाबदार माणसाला हे पटलेले होते. आपल्या प्रायोगिक शाखेत त्यांनी केजीडीबी बाळगला होता. अखेर विंड रिव्हरचे जेसन वेसेल आणि रेड हॅटचे इंगो मोल्नार यांनी त्याला छाटून सुटसुटीत केले आणि जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ या आवृत्तीत तो अधिकृत लिनक्सचा भाग झाला. सोबतच्या माहितीपुस्तिकेत वेसेल यांनी ती नव्याने लिहिल्याची नोंद आहे आणि योगदान देणारे म्हणून अमित काळे व टॉम रिनी यांची नावेही आहेत. ही पुस्तिका आजही प्रत्येक लिनक्स कर्नलच्या सोर्सबरोबर जगभर जाते.

आता प्रत्यक्ष जोडणी.

दोन संगणकांना नऊ पिनांचे पोर्ट असतील तर मधे 'नल मोडेम' केबल लागते. साधी, सरळ केबल चालत नाही. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पिनेवर जायला हवी. पिन दोनवर ऐकणे, पिन तीनवर बोलणे, पाचवर ग्राउंड. दोन आणि तीनची अदलाबदल, पाचला पाच. अशा तीन तारा पुरतात आणि डाग द्यायचे सोल्डरिंग आयर्न हाताशी असलेला कोणीही ही केबल घरी करू शकतो. कित्येक डेस्कटॉप मदरबोर्डवर मागे पोर्ट दिसत नसला तरी आत 'कॉम' लिहिलेला दहा पिनांचा खोबणीवजा कनेक्टर असतो; जुन्या बाजारातून त्याची पट्टी आणून लावली की काम झाले. होस्टला पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर चालतो. टार्गेटला मात्र तो चालत नाही. यूएसबी चालवायला पुन्हा तीच मोठी फौज लागते, आणि टार्गेटवर नेमकी तीच थांबलेली असते. टार्गेटचा पोर्ट बोर्डावरचा खराखुरा हवा.

रास्पबेरी पाय किंवा बीगलबोनसारखा बोर्ड असेल तर एक सावधगिरी जिवाची आहे. आरएस-२३२ च्या तारेवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, आणि अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. या बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. वजनकाट्याची केबल थेट त्यांना टेकवली तर बोर्ड जळतो. त्यांच्यासाठी ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर वेगळा मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. पायच्या पट्टीवर सहावी पिन ग्राउंड, आठवी बोलायची, दहावी ऐकायची. अडॅप्टरची लाल तार, म्हणजे वीज देणारी, मोकळीच ठेवायची. कारखान्यात दोन यंत्रे वेगवेगळ्या अर्थिंगवर असतील तर मधे आयसोलेटर घालावा, नाहीतर ग्राउंडच्या तारेतून नको तो प्रवाह वाहतो.

तार जोडली की लगेच डिबगर उघडायचा मोह होतो. तो आवरावा. आधी दोन्हीकडे मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून इकडे 'क' टाइप केला तर तिकडे 'क' दिसतो का ते पाहावे. चित्रविचित्र अक्षरे आली तर दोन्ही टोकांचा वेग जुळलेला नाही. काहीच आले नाही तर तारा उलट्या आहेत किंवा ग्राउंड सुटले आहे. एकाच बाजूने आले तर एक डाग कच्चा आहे. होस्टवर 'परवानगी नाही' असा निरोप आला तर आपले नाव 'डायलआउट' गटात नाही. ही पायरी गाळणारे पुढे तासन्‌तास कर्नलला दोष देत बसतात.

मग टार्गेटसाठी कर्नल बांधायचा. त्याच्या मेनूत केजीडीबी, त्याचा सिरियल ड्रायव्हर, डिबगची माहिती आणि मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) हे पर्याय चालू हवेत. बांधणी झाली की दोन वस्तू हाती येतात. एक, आवळून बारीक केलेला कर्नल. तो टार्गेटवर जातो. दुसरी, 'व्हीएमलिनक्स' नावाची भलीमोठी फाइल, जिच्यात प्रत्येक फंक्शनचे नाव आणि पत्ता असतो. ती होस्टवर ठेवायची. दोन्ही एकाच बांधणीतल्या हव्यात. काल बांधलेली एक आणि आज बांधलेली दुसरी घेतली तर डिबगर आत्मविश्वासाने खोटे सांगतो. टार्गेटच्या बूट ओळीत 'केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२००' असे घालायचे, म्हणजे पहिला पोर्ट आणि सेकंदाला ११५२०० बिट. सुरुवातीलाच थांबवायचे असेल तर पुढे 'केजीडीबीवेट'. आणि 'नोकेएएसएलआर' विसरू नये. सुरक्षेसाठी आजचा कर्नल दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी बसतो. या शब्दाने तो आपल्या ठरल्या जागी बसतो आणि व्हीएमलिनक्समधले पत्ते जुळतात. त्याच पोर्टवर लॉगिन मागणारा गेटी चालू असेल तर तोही बंद करावा, नाहीतर डिबगरचे निरोप तो मधल्यामध्ये गिळतो.

आता टार्गेट थांबवायचा. डिबगरमध्ये कंट्रोल-सी दाबून तो थांबेल असे वाटते, पण चालत्या कर्नलला ते ऐकू येत नाही. टार्गेटवरच सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये 'जी' हे अक्षर लिहावे लागते, किंवा सिरियल कन्सोलवरून ब्रेकचा इशारा देऊन पाठोपाठ 'जी' पाठवावा लागतो. त्या क्षणी सगळे प्रोसेसर एका रेषेत थांबतात. होस्टवर जीडीबी हा डिबगर उघडून त्याला व्हीएमलिनक्स द्यायचे, 'टार्गेट रिमोट' म्हणून पोर्टचे नाव सांगायचे, आणि शेजारचे यंत्र बोलू लागते.

ते काय बोलते हे तारेवर कान लावून पाहण्याजोगे आहे. होस्ट पाठवतो: डॉलरचे चिन्ह, इंग्रजी 'जी', हॅशचे चिन्ह, मग ६७. 'जी' म्हणजे सगळी रजिस्टरे सांग. ६७ ही पडताळणीची बेरीज. निरोपात एकच अक्षर, त्याचा सांकेतिक क्रमांक सोळा पायाच्या (हेक्स) पद्धतीत ६७, म्हणून बेरीजही ६७. टार्गेट आधी अधिक चिन्ह पाठवतो, म्हणजे निरोप धड पोहोचला, आणि मग उत्तराची लांब आकड्यांची माळ. बेरीज चुकली तर उणे चिन्ह, की होस्ट तेच पुन्हा म्हणतो. सगळे साध्या अक्षरांत, डोळ्यांनी वाचता येईल असे. हे जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतले. एखाद्या ओळीवर थांबायचे तर एक्स८६ प्रोसेसरवर त्या सूचनेचा पहिला बाइट उचलून तिथे सीसी हा बाइट ठेवला जातो. प्रोसेसर तिथे आला की ठेचकाळतो आणि ताबा त्या लहानशा तुकड्याकडे जातो. पुढे निघताना मूळ बाइट परत जागेवर.

वेगाचा हिशेबही लक्षात ठेवावा. दर बाइटला मागेपुढे धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट. स्मृतीतला प्रत्येक बाइट दोन अक्षरांत जातो, म्हणून एक मेगाबाइट स्मृती ओढायला तीन मिनिटे. त्यामुळे सगळेच मागवून मग बघू, ही सवय इथे चालत नाही. आधी अंदाज बांधायचा, मग नेमका प्रश्न विचारायचा. टॉरवाल्ड्सना हवी असलेली विचाराची शिस्त ही मंद तार आपसूकच लावते. २०१५ सालच्या ४.० आवृत्तीपासून कर्नलसोबत जीडीबीसाठी तयार आज्ञाही येतात. 'एलएक्स-डीमेसेज' म्हटले की गोठलेल्या यंत्राच्या पोटातला शेवटचा लॉग होस्टवर वाचता येतो.

आपल्या सातारच्या संगणकात काय निघेल? अशा प्रसंगी फार वेळा निघते ते असे. ड्रायव्हर एक कुलूप लावून काम करत होता. तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर कार्डाचा इंटरप्ट आला आणि त्याला तेच कुलूप हवे झाले. ते उघडेपर्यंत इंटरप्ट हटणार नाही, आणि इंटरप्ट हटेपर्यंत कुलूप उघडणारा पुढे सरकणार नाही. 'बीटी' ही आज्ञा दिली की फंक्शनांची साखळी उलगडते आणि हे दोघे एकाच प्रोसेसरवर एकमेकांच्या उरावर बसलेले दिसतात. अशा वेळी सिरियलचा इशाराही ऐकला न जाण्याचा संभव असतो, म्हणून न थोपवता येणाऱ्या इंटरप्टवर चालणारा वॉचडॉग चालू ठेवावा. तो पॅनिक घडवतो आणि पॅनिकमधून ताबा केजीडीबीकडे येतो. खरे तर कुलपांच्या या जातीचे दोष इंगो मोल्नार यांचे लॉकडेप हे साधन बहुधा घडण्याआधीच पकडते. ते २००६ पासून कर्नलमध्ये आहे. ते आधी चालवावे. डिबगर हे पहिले हत्यार नव्हे.

राहिला अंतराचा प्रश्न. अभियंता सांगलीत, यंत्र साताऱ्यात, मधे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि आरएस-२३२ ची केबल साधारण पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. उपाय असा की साताऱ्यात टार्गेटशेजारी एक साधा संगणक ठेवायचा, सिरियल केबल त्याला लावायची आणि सांगलीहून एसएसएचने त्या संगणकावर जायचे. जीडीबी तिथेच चालवला तर उत्तम, कारण तारेवरच्या छोट्या छोट्या निरोपांना इंटरनेटची ये-जा सोसत नाही. एकाच पोर्टवर कन्सोल आणि डिबगर दोन्ही हवे असतील तर वेसेल यांचाच 'एजंट-प्रॉक्सी' हा प्रोग्रॅम त्यांना वेगळे करून देतो. पण हा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही, कधीही नाही. या तारेला पासवर्ड नसतो. जो तिच्या टोकाशी आहे त्याला स्मृतीतले काहीही वाचता आणि बदलता येते. सिक्युअर बूटसोबत येणारे लॉकडाउनचे कुंपण या वाटेने ओलांडता येते, हे ध्यानात आल्यावर २०२२ मध्ये कर्नलने लॉकडाउन असताना केजीडीबीवर बंदी घातली.

आणखी एक मर्यादा. ब्रेकपॉइंटवर उभ्या यंत्रासाठी काळ थांबलेला असतो, बाहेरच्या जगासाठी नाही. नेटवर्कचे संबंध तुटतात, बाहेरचा वॉचडॉग यंत्र रीसेट करतो. हंगामात बाहेर गाड्यांची रांग असताना काट्याच्या संगणकावर हा प्रयोग करायचा नसतो. तिथे फक्त सिरियल कन्सोल जोडून शेवटचे शब्द टिपून घ्यावेत आणि दोष टेबलावरच्या जुळ्या यंत्रावर पुन्हा घडवावा. तो तसा घडवणे हेच बहुतेक वेळा सर्वांत अवघड काम असते.

हे सारे शिकायला महाविद्यालये जवळच आहेत. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत सुरू केलेले न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून वालचंद हिराचंदांच्या नावाने ओळखले जाते. तिथे विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून चालू आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत शिकवला जातो, पण शेड्युलिंगची कोष्टके सोडवून परीक्षा दिली की बहुतेकांचा कर्नलशी संबंध संपतो. क्यूईएमयू या आभासी यंत्रात एकाच लॅपटॉपवर कर्नल थांबवून पाहता येतो, तो सराव चांगला आणि फुकट. मात्र त्यात कच्चा डाग नाही, उलटी तार नाही, ३.३ व्होल्टची भीती नाही.

तेव्हा विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांच्या गटांना एवढीच विनंती. भंगारात काढलेल्या संगणकांतले दोन बाजूला ठेवा, एक नल मोडेम केबल करून घ्या आणि येत्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी चालता कर्नल थांबवायला, त्याची रजिस्टरे वाचायला आणि पुन्हा चालू करायला लावा. एका दुपारचे काम आहे. केबल करता येत नसेल तर जवळच्या कारखान्यात वजनकाटा दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. त्याला ती डोळे झाकून येते.